‘द लीग’ बघायची कशी, आणि मग आपल्या ग्रुपची लीग लावायची कशी

‘द लीग’ ही अमेरिकन कॉमेडी सिरीज बघायला घेतली आणि अर्ध्या एपिसोडात सोडली असं सांगणारे बरेच जण भेटतात, कारण सगळ्यांचं एकच, अमेरिकन फुटबॉल कळत नाही. अरे पण तो कळायची गरजच नाहीये. ही सिरीज मॅचची नाही, शिकागोत राहणाऱ्या जुन्या मित्रांची आहे, लग्नं झाली, पोरं झाली, कुणाचा घटस्फोट झाला, तरी दरवर्षी यांची फँटसी लीग लागते, म्हणजे खऱ्या खेळाडूंमधून प्रत्येकाने आपापली कागदावरची टीम लावायची आणि पॉइंटवर एकमेकांशी भिडायचं, आणि तिच्यापायी हे लोक एकमेकांना छळत बसतात. आपल्याकडे शाळेचा, कॉलेजचा, बिल्डिंगचा ग्रुप असतोच की. म्हणून म्हणतो, आधी सिरीज बघा, मग तिच्यातलं उचलून स्वतःची लीग लावा. दोन्ही कसं करायचं ते सांगतो.

आधी थोडी माहिती. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये एफएक्स चॅनेलवर सुरू झाली, पाचव्या सीझनपासून एफएक्सएक्सवर गेली आणि २०१५ च्या डिसेंबरमध्ये संपली, सात सीझन. बनवली जेफ शेफर आणि जॅकी मार्कस शेफर या नवरा-बायकोने. एपिसोडमध्ये काय घडणार ते ठरलेलं असायचं पण संवाद बरेचसे कलाकारांनी तिथल्या तिथे बोललेले, त्यामुळे सगळे एकमेकांचं बोलणं तोडतात, मध्येच कुणीतरी खरंच हसतं, नाक्यावर उभं राहून गप्पा ऐकल्यासारखं वाटतं. पहिला सीझन फक्त सहा एपिसोडचा आहे, तो सलग बघून टाका, तोवर माणसं ओळखीची होतात. पीट, केविन, रक्सिन, आंद्रे, टॅको आणि केविनची बायको जेनी. जेनी सुरुवातीला लीगमध्ये नसते पण केविनपेक्षा तिलाच जास्त कळतं, तिच्याकडे लक्ष ठेवा. आणि एक गंमत, जेनी झालेली केटी अ‍ॅसेल्टन ही खऱ्या आयुष्यात पीट झालेल्या मार्क डुप्लासची बायको आहे, हे माहीत असलं की त्या दोघांचे सीन बघायला अजून मजा येते.

घरच्यांसोबत हॉलमध्ये मात्र लावू नका. विनोद बऱ्यापैकी चावट आहेत आणि आईबाबा शेजारी बसले असले तर रिमोट शोधायची वेळ येते. हेडफोन लावून, नाहीतर मित्रांसोबत.

आता फुटबॉल किती कळायला हवा? एवढा. खऱ्या मॅचमध्ये खेळाडू जे करतो त्याचे तुम्हाला पॉइंट मिळतात. बॉल घेऊन शेवटच्या पट्ट्यात पोचला की टचडाउन, त्याचे सहा. बॉल घेऊन पळत किंवा पास पकडून दहा यार्ड पुढे गेला की साधारण एक पॉइंट. बॉल फेकणारा तो क्वार्टरबॅक, घेऊन पळणारा रनिंग बॅक, लांब जाऊन पकडणारा वाइड रिसीव्हर. दर आठवड्याला तुमची टीम मित्रांपैकी एकाच्या टीमशी भिडते, सप्टेंबरला सुरू होतं आणि डिसेंबरात फायनल. झालं. बाकी एपिसोडमध्ये खेळाडूंची जी नावं येतात ती कानावरून जाऊ द्या, ‘याचा चांगला खेळाडू जखमी झाला’ आणि ‘याने त्याला गंडवून ट्रेड केला’ एवढं कळलं की बास. भांडणाचे शब्द मात्र नीट समजून घ्या. ड्राफ्ट म्हणजे सीझनच्या आधी बसून आळीपाळीने खेळाडू निवडणं, एकाने घेतला की तो दुसऱ्याला नाही. वेव्हर म्हणजे उरलेल्या, कुणाच्याच नसलेल्या खेळाडूंमधून उचलायची रांग. ट्रेड म्हणजे अदलाबदल. आणि कोल्युजन म्हणजे दोघांनी संगनमत करून तिसऱ्याचा गेम करणं. सिरीजमधली अर्धी भांडणं या शेवटच्या दोन गोष्टींवरच होतात.

ट्रॉफीचं नाव आहे शिवा. आपल्याला वाटतं शंकर, पण ती त्यांच्या शाळेतली टॉपर मुलगी, शिवा कामिनी, तिचाच फोटो ट्रॉफीवर लावलेला. तिचं काम केलंय जनिना गावणकरने. आडनाव वाचून आपले कान टवकारणारच. आणि जो शेवटचा येतो त्याला मिळतो सॅको. शिवा मिळावी म्हणून जेवढी धडपड चालते ना त्याच्यापेक्षा सॅको मिळू नये म्हणून जास्त चालते, आणि माझ्या मते ही सिरीज लीगबद्दल सगळ्यात खरं काही सांगत असेल तर हेच. लीग टिकते ती पहिल्या नंबरामुळे नाही, शेवटच्या नंबरामुळे.

आता आपली लीग. मुंबईत बसून अमेरिकन फुटबॉलची लावू नका. त्यांच्या रविवारच्या दुपारच्या मॅच आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात, नोव्हेंबरपासून साडेअकराला, आणि सोमवारी सकाळी ८:१२ पकडायची असते. इंग्लंडच्या फुटबॉलची प्रीमियर लीग घ्या, शनिवारच्या मुख्य मॅच आपल्याकडे संध्याकाळी साडेसात किंवा थंडीत साडेआठला. पण नेहमीचं फँटसी प्रीमियर लीग नको, जिथे १०० मिलियनच्या बजेटमध्ये टीम बसवतात, कारण तिथे सगळ्यांकडेच गोलांचा धडाका लावणारा हालांड असतो, मग भांडायचं कशावरून? त्यांचाच ड्राफ्ट नावाचा प्रकार आहे, तो घ्या. त्यात एक खेळाडू लीगमधल्या एकाच माणसाकडे. पंधरा जणांची टीम, दोन गोलकीपर, पाच डिफेंडर, पाच मिडफिल्डर, तीन फॉरवर्ड, कॅप्टन नाही, बजेट नाही. लीग तयार करताना हेड टू हेड निवडा, सिरीजमध्ये आहे तसं, एकाची एकाशी लढत.

माणसं आठ. हा आकडा मी उगाच सांगत नाहीये. सीझन ३८ आठवड्यांचा असतो. आठ जण असले की प्रत्येकाची उरलेल्या सात जणांशी पाच-पाच वेळा गाठ पडते, म्हणजे ३५ आठवडे, वर उरतात तीन, आणि आठ जणांची नॉकआउट बरोब्बर तीन आठवड्यांत होते, क्वार्टर, सेमी, फायनल. अ‍ॅप नॉकआउट लावून देणार नाही, ते व्हॉट्सअ‍ॅपवर आपणच करायचं, अ‍ॅपमधले त्या आठवड्याचे पॉइंट बघून. आणि खरी मजा इथे आहे, क्वार्टरमध्ये हरलेल्या चौघांची उलटी नॉकआउट लावा, त्यात जो हरत जाईल तो पुढे. दोघे हरलेले शेवटच्या आठवड्यात एकमेकांशी, आणि त्यात हरला तो लीगचा शेवटचा. मग मार्चमध्ये टेबलच्या तळाला असलेला माणूस टीम लावायचं सोडून देत नाही, कारण त्याला अजून वाचायचंय. आणि वरचेही निवांत राहत नाहीत.

कमिशनर, म्हणजे लीग चालवणारा, कुणाला करायचं? ट्रेकला गेल्यावर पैशांचा हिशोब जो ठेवतो त्याला. फुटबॉल कळणाऱ्याला नको, त्याचं लक्ष स्वतःच्या टीमवर असतं. कमिशनरने ड्राफ्टच्या आधी नियम लिहून ग्रुपवर पिन करायचे, तोंडी नाही, लिहून. ट्रेड कुणी अडवायचा आणि किती मतांनी, ज्याने टीम लावलीच नाही त्याचं काय, बरोबरी झाली तर काय. नवरा-बायको दोघेही खेळत असतील तर त्यांच्यातल्या ट्रेडला बाकी सगळ्यांची मंजुरी लागेल हा नियम घालाच, केविन आणि जेनीचं बघितल्यावर का ते कळेल. पैसे लावू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आणला, ड्रीम इलेव्हननेही पैसे भरायच्या कॉन्टेस्ट बंद केल्या, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं, मित्रांत पैसा आला की हरणारा गप्प होतो आणि आपल्याला तो बोलायला हवाय.

ड्राफ्ट समोरासमोरच करायचा. यावर तडजोड नाही. एक विरारला, एक डोंबिवलीला, एक पनवेलला, एक पार्ल्याला, वर्षभर हे लोक फक्त इमोजी टाकतात, निदान एक दिवस तरी एका खोलीत बसा. सीझन ऑगस्टच्या मध्याला सुरू होतो म्हणजे ड्राफ्ट ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. शनिवार ठेवा, रविवार नको, रविवारी मेगाब्लॉक असतो आणि कल्याणवाला दोन तास उशिरा येऊन सगळ्यांचं डोकं खातो. जागा दादरच्या आसपास बघा, वेस्टर्न आणि सेंट्रल दोघांनाही सोयीचं. हॉटेलात नको, तीन तास कोण बसू देणार. कुणाच्या तरी घरी, आणि त्या घरच्यांना आधी विचारून. निवड प्रत्येकाच्या फोनवर टायमर लावून होते, त्यामुळे दोन एक्स्टेंशन बोर्ड आणि चालणारं वायफाय आधी तपासा, पावसात नेमके दिवे गेले तर हॉटस्पॉट कुणाचा तेही ठरवून ठेवा. क्रम सापासारखा जातो, आठवा खेळाडू निवडणाराच नववाही निवडतो, म्हणून शेवटचा नंबर आला की रडायचं कारण नाही, दोन चांगले एकदम मिळतात.

ट्रॉफी. सिरीज बघून शाळेतल्या एखाद्या मुलीचा फोटो लावू असं कुणीतरी म्हणेलच, त्याला तिथेच थांबवा, तिला न विचारता असलं काही करायचं नाही. धोबी तलावला मेट्रो सिनेमाच्या बाजूला खेळाच्या सामानाची दुकानं आहेत तिथे कप मिळतात, पण मला विचाराल तर भांड्याच्या दुकानात जा. स्टीलची छोटी कळशी घ्या आणि तिच्यावर नाव घालून घ्या, लग्नात-मुंजीत द्यायच्या भांड्यावर घालतात तसं. दुकानदार कळशी मांडीवर आडवी धरतो, पेनसारखं मशीन टेकवतो, घर्रर्र आवाज येतो आणि बारीक बारीक ठिपक्यांनी ‘विजेता’, वर्ष आणि नाव उमटत जातं, अक्षर थोडं तिरकं येतं, येऊ दे. दरवर्षी त्याच कळशीवर खाली नवीन नाव. स्टील आहे, वर्षानुवर्षं काही होत नाही. जिंकणाऱ्याने ती हॉलमध्ये दिसेल अशी ठेवायची आणि कुणाच्याही घरी जमलं तर सोबत आणायची.

आणि शेवटच्याला टमरेल. प्लास्टिकचं, लाल, मार्करने नाव लिहिलेलं. ते त्याने वर्षभर घरात ठेवायचं आणि ग्रुपवर डीपी त्याचाच. शिक्षा मात्र आधी सगळ्यांनी मान्य केलेलीच द्यायची, आणि ऑफिस, घरचे, अंगावर दुखापत, या तीन गोष्टींना हात लावायचा नाही. सिरीजमधली माणसं या बाबतीत कुठल्याही थराला जातात, पडद्यावर हसू येतं, खऱ्यात माणूस ग्रुप सोडून जातो. शेवटच्याने पुढच्या ड्राफ्टला आठ जणांचे वडापाव आणायचे, टमरेल हातात घेऊन फोटो काढायचा, पुरे.

रोजच्या चालवण्यात दोनच गोष्टी सांभाळा. टीम लावायची डेडलाइन आठवड्याच्या पहिल्या मॅचच्या दीड तास आधी असते, म्हणजे शुक्रवारी रात्रीची मॅच असली तर आपल्याकडे रात्री अकरा वाजता, थंडीत बारा वाजता, आणि वेव्हरची मुदत त्याच्याही २४ तास आधी संपते. कमिशनरने गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ग्रुपवर आठवण टाकायची, संध्याकाळी गर्दीच्या डब्यात कुणी फोन काढू शकत नाही. दुसरं म्हणजे गणपती. जो कोकणात जाणार त्याने निघायच्या आधी टीम लावून ठेवायची, गावाला रेंज नव्हती हे कारण चालणार नाही असं नियमातच लिहा. त्या दिवसांत कुणाला फसवून ट्रेड करायचा नाही हेही लिहा.

नववा माणूस नेहमी तयार ठेवा, कारण कुणीतरी बंगळुरूला किंवा दुबईला जातोच. गेला म्हणून त्याला लगेच काढू नका, ड्राफ्टला व्हिडिओ कॉलवर बसवा, त्याच्या वाटचा वडापाव त्याच्यासमोर खा. सलग दोन वर्षं तो ड्राफ्टला हजरच नसेल तरच नववा आत. आणि मेमध्ये शेवटचा आठवडा संपला, कळशी कुणाची ते ठरलं, की त्याच रात्री ऑगस्टचा शनिवार ठरवून ग्रुपवर पिन करा, जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आठ जणांना एक तारीख जमवणं होत नाही.