सगळा कोड एका झटक्यात फॉरमॅट करताय? या चुका टाळा

क्लँग-फॉरमॅट, ब्लॅक, प्रिटियर ही कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारी हत्यारं चालवायला एक ओळ पुरते, आणि नवखे घसरतात ते त्यामुळेच. दहा मिनिटांत कमांड चालवतात, हजारभर फाइली बदलतात, पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडात घ्या ही विनंती) टाकतात आणि चहाला जातात. पुढचे चार दिवस बाकीच्यांचे जातात.

फॉरमॅटिंगच्या कमिटमध्ये दुसरं काहीतरी घुसवणं

कमिट म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये नोंदवलेला बदलांचा एक संच. ही माझी लाडकी चूक, कारण ती मी स्वतः केलेली आहे. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आलेली. गोव्यात फोंड्याच्या घरी माटोळीची (गणपतीवरच्या फळापानांच्या छताची) तयारी चालू, पावसाने लाईट जा-ये करतेय. मला वाटलं, आता सगळे सुट्टीवर, तेवढ्यात उरकून टाकू. प्रकल्प ओपन सोर्स, सी प्लस प्लसमधला, कोड लिहिणारे जगभर पसरलेले. त्यांना कुठली चवथ!

क्लँग-फॉरमॅट चालवलं. लिनक्सवर बिल्ड झाला, टेस्ट हिरव्या, मर्ज केलं (मुख्य शाखेत मिसळलं) आणि झोपलो. विंडोजचा बिल्ड आमच्याकडे फक्त रात्री चालायचा. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजायच्या आधीच माझ्या इनबॉक्समध्ये रीडेफिनिशनच्या एररची रांग लागली होती.

झालं होतं एवढंच: हे हत्यार इन्क्लूडच्या (दुसऱ्या फाइली ओढून आणणाऱ्या) ओळीही वर्णक्रमाने लावतं. विनसॉक2.एच ही फाइल विंडोज.एचच्या आधी यावीच लागते. नाहीतर विंडोज.एच जुनी विनसॉक.एच ओढून आणते आणि तीच नावं दोनदा जाहीर होतात. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोघींची पहिली तीन अक्षरं सारखी. चौथं एकीत डी, दुसरीत एस. म्हणजे वर्णक्रमात विंडोज.एच पुढे.

तरी कमिट उलटवली असती तर अर्ध्या तासात मिटलं असतं. पण त्याच कमिटमध्ये मी एक ‘बारीकसा’ नल-चेक टाकला होता, आणि रात्रीतून कोणीतरी त्यावर पुढचं काम रचलं होतं. एवढ्या मोठ्या डिफमधून (बदलांच्या यादीतून) तीन ओळी हुडकायला दुपार झाली. आई दोनदा हाक मारून गेली, तिसऱ्यांदा नुसती बघून गेली.

तेव्हापासून पहिल्या फेरीत इन्क्लूड लावणारी सॉर्ट-इन्क्लूड्स ही सेटिंग बंदच ठेवतो. तो बदल नंतर, वेगळ्या कमिटमध्ये, विंडोजचा बिल्ड हाताने चालवून. कोणी म्हणेल, मध्ये रिकामी ओळ सोडली की गट वेगळे राहतात. क्लँग-फॉरमॅटमधल्या तयार शैलींपैकी एलएलव्हीएमच्या शैलीत राहतात. गूगलच्या शैलीत हत्यार गट मोडून पुन्हा बांधतं, तिथे रिकामी ओळ वाचवत नाही. तिथे त्या दोन ओळींभोवती फॉरमॅटिंग बंद करणारी कॉमेंट टाका. आणि फॉरमॅटिंगच्या कमिटमध्ये माणसाच्या हाताने टाइप केलेलं एक अक्षरही नको.

हत्याराची आवृत्ती मोकळी सोडणं

उबुंटू 20.04 वर क्लँग-फॉरमॅट घेतलं तर 10 मिळतं, 22.04 वर 14. कॉन्फिग फाइल तीच असली तरी दोघांचं आउटपुट सगळीकडे जुळत नाही. मग मी सेव्ह केलं की मडगावच्या मित्राच्या ओळी हलतात, त्याने केलं की माझ्या, आणि सीआय (सर्व्हरवर आपोआप चालणारी तपासणी) दोघांनाही नापास करतं. ब्लॅकही दर वर्षीच्या जानेवारीत आपली शैली थोडी बदलतं. आवृत्तीचा आकडा प्री-कमिटच्या (कमिटच्या आधी तपासण्या चालवणाऱ्या साधनाच्या) फाइलमध्ये बांधून टाका आणि सीआयनेही तीच फाइल वाचावी. ‘लेटेस्ट’ लिहिणाऱ्याची पुल रिक्वेस्ट मी न वाचता परत पाठवतो.

फक्त हुकवर विसंबणं. प्री-कमिट हुक, म्हणजे कमिटच्या आधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट, प्रत्येकाने आपल्या मशीनवर बसवावा लागतो, आणि नो-व्हेरिफाय लिहिलं की तो गप्प बसतो. शेवटची तपासणी सीआयमध्येच हवी.

उसना कोड फॉरमॅट करणं. थर्ड-पार्टी फोल्डर आणि आपोआप तयार होणाऱ्या फाइली आधी वगळा. नाहीतर मूळ लायब्ररीची पुढची आवृत्ती आणताना रडाल.

ब्लेम, म्हणजे कुठली ओळ कोणी कधी बदलली हे दाखवणारी गिटची कमांड, बिघडवून ठेवणं. गिट 2.23 पासून, म्हणजे 2019 पासून, ठरावीक कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) एका फाइलमध्ये लिहून ती ब्लेममध्ये दुर्लक्षित करता येते. पायथनमधल्या जँगो या वेब फ्रेमवर्कने फेब्रुवारी 2022 मध्ये सगळा कोड ब्लॅकने फॉरमॅट केला, त्यांच्याकडेही अशी फाइल आहे. पण लोक ब्रांचवरचा हॅश त्यात लिहितात आणि मग स्क्वॅश करून (सगळ्या कमिट एकीत दाबून) मर्ज करतात. हॅश बदलतो, फाइल निरुपयोगी. मर्ज झाल्यावर मुख्य शाखेवरचा हॅश घ्या आणि दुसऱ्या कमिटने नोंदवा.

‘बदललेल्या ओळीच फॉरमॅट करू.’ एलएलव्हीएमसारखे मोठे प्रकल्प हे करतात, चालतंही. मला आवडत नाही. वर्षानुवर्षं एकाच फाइलमध्ये दोन शैली नांदतात.

उघड्या पुल रिक्वेस्ट वाऱ्यावर सोडणं

‘कॉन्फ्लिक्ट (बदलांची टक्कर) ज्याचा त्याने सोडवावा’ म्हणणारे मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, पाहिले की डोकं फिरतं. हे हाताने सोडवायचं कामच नाही. आपल्या ब्रांचमध्ये आधी फॉरमॅटिंगच्या लगेच आधीची कमिट मर्ज करा. मग तेच हत्यार, तीच आवृत्ती, तीच कॉन्फिग घेऊन ब्रांच फॉरमॅट करा आणि कमिट करा. आता फॉरमॅटिंगची कमिट ‘अवर्स’ स्ट्रॅटेजीने मर्ज करा, म्हणजे गिट तुमच्याच फाइली ठेवतं. शेवटी मुख्य शाखेचा उरलेला भाग नेहमीसारखा मर्ज करा. या चार पायऱ्या स्क्रिप्टमध्ये घालून मी ती फॉरमॅटिंगच्या आदल्या दिवशीच रिपॉझिटरीत टाकतो आणि प्रत्येक उघड्या पुल रिक्वेस्टवर स्वतः जाऊन कळवतो.