परदेशात घर घेताना अंगावर येणारे जादा कर आधीच कसे ओळखावेत

परदेशातील घराची किंमत ठरते, दलाल करांचा अंदाजे आकडा सांगतो आणि खरेदीखत तोंडावर आल्यावर वकिलाच्या पत्रात त्याच्या तिप्पट-चौपट रक्कम दिसते, तेव्हा आपण फसवले गेलो असे वाटणे स्वाभाविक आहे. पण बहुतेक वेळा कोणी खोटे बोललेले नसते. दलालाने सांगितलेला कर हा तिथेच राहणाऱ्या आणि आपले एकमेव घर घेणाऱ्या माणसाला लागू होणारा असतो, आणि आपण त्या माणसाच्या जागी नसतो. अनेक देशांत हा कर घराइतकाच, किंबहुना घरापेक्षा जास्त, खरेदीदाराकडे पाहून ठरतो. म्हणून हिशेब घराच्या किमतीपासून नव्हे, तर स्वतःपासून सुरू करावा.

इसाराची रक्कम देण्यापूर्वी एका कागदावर आपली माहिती लिहून काढावी: नागरिकत्व कोणत्या देशाचे आहे, तिथे कायम वास्तव्याचा परवाना आहे का, गेल्या बारा महिन्यांत त्या देशात नेमके किती दिवस काढले, घर कोणाकोणाच्या नावावर होणार आहे, त्यात स्वतः राहायचे आहे की ते भाड्याने द्यायचे आहे, आणि जगात इतरत्र कोठेही आपल्या नावावर घर किंवा घरातील हिस्सा आहे का. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण ‘नाही’ असे उत्तर देतात, कारण वडिलोपार्जित घरातला आपला वाटा त्यांना त्या क्षणी आठवत नाही.

हा वाटा किती महागात पडू शकतो, ते इंग्लंडच्या उदाहरणावरून पाहू. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनुसार ४ लाख पौंडांच्या घरावर साधे मुद्रांक शुल्क १०,००० पौंड होते. मात्र खरेदीदाराकडे जगात कोठेही ४०,००० पौंड किंवा त्याहून अधिक मूल्याचे दुसरे घर वा हिस्सा असेल आणि तो आपले राहते घर विकून हे घेत नसेल, तर सहसा संपूर्ण किमतीवर ५ टक्के अधिभार लागतो. शिवाय खरेदीपूर्वीच्या बारा महिन्यांत तो ब्रिटनमध्ये १८३ दिवस राहिलेला नसेल, तर आणखी २ टक्के. म्हणजे २८,००० पौंडांची भर पडून एकूण रक्कम ३८,००० पौंडांवर जाते, आणि ती व्यवहार पूर्ण झाल्यापासून १४ दिवसांत भरावी लागते. खरेदीनंतरच्या वर्षात तिथे १८३ दिवस राहिल्यास २ टक्क्यांचा भाग परत मागता येतो. पण आधी पैसे भरावेच लागतात, आणि परतावा मागितल्याशिवाय मिळत नाही.

नावे जोडताना विशेष सावध राहावे. सिंगापूरमध्ये २७ एप्रिल २०२३ पासून परदेशी खरेदीदाराला निवासी मालमत्तेवर नेहमीच्या शुल्काखेरीज ६० टक्के अतिरिक्त शुल्क भरावे लागते, आणि संयुक्त खरेदीत सर्वसाधारणपणे सर्व खरेदीदारांपैकी ज्याला सर्वांत जास्त दर लागू होतो, तोच दर पूर्ण किमतीला लागतो. म्हणजे प्रेमापोटी आईवडिलांचे किंवा भावाचे नाव घालणे ही तिथे भावनिक नव्हे, आर्थिक बाब ठरते. जोडीदारांसाठी काही ठिकाणी सवलत असते, आणि काही राष्ट्रांच्या नागरिकांना व्यापारी करारांमुळे सूट मिळते. अमेरिकी नागरिकांना सिंगापूरमध्ये तशी सूट आहे. आपल्या नागरिकत्वाबाबत असा करार आहे का, हे विचारायला काहीच खर्च येत नाही.

करांचे थरही मोजावेत. कॅनडातील टोरोंटोमध्ये घर घेताना ऑन्टॅरिओ प्रांताचा हस्तांतरण कर आणि शहराचा हस्तांतरण कर हे दोन्ही वेगवेगळे भरावे लागतात. परदेशी खरेदीदारासाठी त्यावर प्रांताचा २५ टक्के कर येतो आणि १ जानेवारी २०२५ पासून शहराचाही १० टक्के कर येतो. मुळात तिथे परदेशी व्यक्तींच्या घरखरेदीवर १ जानेवारी २०२३ पासून बंदी आहे आणि तिला काही अपवाद आहेत; मात्र बंदीतून सूट मिळाली म्हणजे करातूनही सूट मिळाली, असे समजू नये. ऑस्ट्रेलियातही १ एप्रिल २०२५ पासून परदेशी व्यक्तींना वापरातील जुनी घरे घेण्यास अपवाद वगळता मनाई आहे. तेव्हा कराचा दर विचारण्याआधी खरेदीचा अधिकार तपासावा.

जुनी माहिती या विषयात घातक असते. ऑन्टॅरिओचा हा कर २०१७ साली १५ टक्के होता, तो २०२२ मध्ये आधी २० आणि मग २५ टक्के झाला. उलट हाँगकाँगने परदेशी खरेदीदारावरील अतिरिक्त शुल्क २८ फेब्रुवारी २०२४ रोजी काढून टाकले. तीन वर्षांपूर्वी घर घेतलेल्या परिचिताचा अनुभव ऐकावा, पण त्याचा आकडा आपल्या हिशेबात घेऊ नये.

विक्रेत्याची घरपट्टीची पावती पाहून समाधान मानणे ही दुसरी मोठी चूक आहे. कॅलिफोर्नियात १९७८ पासून कराच्या आधारमूल्याची वाढ वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के एवढीच ठेवली जाते, आणि मालक बदलला की सामान्यतः घराचे बाजारभावाने नव्याने मूल्यांकन होते. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षे तिथे राहिलेल्या विक्रेत्याची पावती आपल्याला काहीही सांगत नाही. शिवाय मूल्यांतील फरकाचे पूरक बिल काही महिन्यांनी थेट मालकाच्या पत्त्यावर येते आणि ते सहसा बँकेच्या हप्त्यातून भरले जात नाही.

काही करांचे तर बिलच येत नाही. स्पेनमध्ये अनिवासी मालकाने घर भाड्याने दिले नाही, तरी सरकारी नोंदमूल्याच्या १.१ किंवा २ टक्के रक्कम त्याचे मानीव उत्पन्न धरली जाते आणि युरोपीय संघाबाहेरील मालकाला त्यावर २४ टक्के कर लागतो. नोंदमूल्य १ लाख युरो आणि दर १.१ टक्के असेल, तर कर वर्षाला २६४ युरो होतो. रक्कम लहान आहे, पण विवरणपत्र आपणहून भरायचे असते. फ्रान्समध्ये राहत्या घरावरील निवास कर २०२३ पासून रद्द झाला, पण दुसऱ्या घरांवर तो कायम आहे आणि घरटंचाईच्या भागांतील नगरपालिका त्यावर ६० टक्क्यांपर्यंत अधिभार लावू शकतात.

हे सारे तपासण्यासाठी विक्रेत्याशी संबंध नसलेला स्थानिक वकील किंवा कर सल्लागार नेमावा, वर सांगितलेला कागद त्याच्या हाती द्यावा आणि लेखी उत्तर मागावे. प्रश्न मोजके असावेत: माझ्या परिस्थितीत खरेदीच्या दिवशी एकूण किती कर भरावा लागेल, तो करारातील किमतीवर आकारला जाईल की सरकारी मूल्यावर, पहिल्या दोन वर्षांत कोणते कर केव्हा भरायचे आहेत, आणि त्यांपैकी कोणते मला नोटीस न येता भरावे लागतील. सरकारी मूल्याचा मुद्दा क्षुल्लक नाही. स्पेनमध्ये २०२२ पासून जुन्या घराच्या हस्तांतरण करासाठी सरकारी संदर्भमूल्य किमतीहून अधिक असेल, तर तेच धरले जाते. कराची रक्कम सहसा कर्जात बसत नाही, म्हणून ती त्या देशाच्या चलनात वेगळी ठेवावी.

शेवटी, घर विकतानाचे नियमही आजच विचारून ठेवावेत. अमेरिकेत परदेशी मालकाने घर विकले की सामान्यतः विक्रीच्या किमतीतून १५ टक्के, तर स्पेनमध्ये अनिवासी विक्रेत्याच्या किमतीतून ३ टक्के रक्कम खरेदीदारच कापून कर खात्याकडे भरतो. प्रत्यक्ष कर त्याहून कमी निघाला, तर उरलेली रक्कम विवरणपत्र भरून परत मागावी लागते. तो हिशेब मांडताना खरेदीच्या वेळी भरलेल्या शुल्काच्या आणि वकिलाच्या पावत्या लागतात, तेव्हा त्या खरेदीखताबरोबर एकाच फायलीत ठेवाव्यात.