कुंडीतलं झाड पिवळं पडलंय? खताची पुडी फोडायच्या आधी हे बघा

आपल्या जळगाव-धुळ्याकडे कुंडी भरायची म्हणजे शेतातली काळी माती, शेणखत अन वरून बोअरचं पाणी, आणि झाड जरा पिवळं दिसलं की कोणीतरी सांगतंच, युरिया टाक चिमूटभर. पण बऱ्याचदा मातीत अन्न असतं, झाडाला ते उचलता येत नसतं. काळी माती चुनखडीची, पीएच (माती आम्ल की अल्क याचं माप, ७ म्हणजे मधोमध) साधारण ७.५ ते ८.५, त्यात बोअरच्या जड पाण्यानं तो अजून वर सरकतो, आणि तेवढ्या पीएचला लोह, झिंक, मँगनीज मातीतच अडकून बसतात.

आधी बोट घालून माती बघा. दोन इंच खाली चिखल असेल तर मुळं गुदमरलीत, तिथे कुठलंच खत कामाचं नाही.

माती ठीक असेल तर पिवळेपणा बुडाकडून आलाय का शेंड्याकडून ते बघायचं. नत्र, पोटॅश, मॅग्नेशियम झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून यांची कमी खालच्या पानांवर दिसते. अख्खं पान फिक्कट असेल तर नत्र, कडा करपल्या तर पोटॅश, शिरा हिरव्या अन मधलं पिवळं तर मॅग्नेशियम. लोह असं हलवता येत नाही, त्यामुळे ते कमी पडलं की कोवळं पान बिघडतं. मोगऱ्याचं किंवा जास्वंदाचं शेंड्याचं पान उजेडात धरा, मधला भाग पार पिवळा-पांढुरका अन शिरांची हिरवी जाळी एकदम स्पष्ट दिसली तर लोहच समजा, आणि आपल्या भागात गडबड जास्त करून हीच असते. पानांची टोकं जळलीत अन कुंडीच्या काठावर पांढरा थर आलाय तर ते क्षार, तिथे खत बंद करून खालून भरपूर निथळेपर्यंत साधं पाणी सोडायचं.

चुनखडी तपासायला वाळलेल्या मातीवर लिंबू पिळा, बुडबुडे आले की चुना आहे. पीएचसाठी एक भाग माती, अडीच भाग डिस्टिल्ड वॉटर, हलवून अर्धा तास ठेवायचं अन वरच्या पाण्यात पट्टी बुडवायची. बोअरचं पाणी वापरलं तर तुम्ही बोअरचाच पीएच मोजाल.

आता लोहाचा उपाय. हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे साधं लोहाचं खत) नुसतं चुनखडीच्या मातीत टाकलं तर काही दिवसात ते पण अडकतं. कृषी केंद्रात चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या पदार्थात धरून ठेवलेलं) मागा, पण पुडीवर ईडीडीएचए (EDDHA) लिहिलेलं बघून घ्या, ईडीटीएवालं (EDTA) जास्त पीएचला टिकत नाही. पाण्यात टाकलं की लालभडक रंग येतो, लिटरला एक ग्रॅमच्या आसपास, संध्याकाळी मुळाशी द्यायचं. गंधकाची पावडर पीएच खाली आणते पण जिवाणूंच्या भरवशावर, महिने लागतात, आणि चुना जास्त असेल तर फार फरक पडत नाही.

चुलीची राख अन अंड्याची टरफलं मात्र अशा कुंडीत टाकूच नका, दोन्ही पीएच वर नेणारी आहेत, आजीनं कितीही सांगितलं तरी (तुळशीच्या कुंडीत राख टाकायची सवय घरोघर आहे, म्हणून मुद्दाम सांगतोय). टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडलं तरी टरफलं नको, कॅल्शियम आपल्या मातीत भरपूर आहे, एक दिवस कोरडं अन एक दिवस डबकं असं पाणी दिल्यानं ते फळापर्यंत पोचत नाही, मे महिन्यात तर हे हमखास होतं.

उपाय केल्यावर जुन्या पानाकडे बघत बसू नका, करपलेली कड परत हिरवी होत नाही. पुढची दोन-तीन नवी पानं कशी येतात ते बघा. अन जूनमध्ये पन्हाळीखाली एक ड्रम लावून ठेवा, पावसाच्या पाण्यात चुना नसतो.