पहिल्या वादविवाद स्पर्धेची तयारी कशी करावी

शालेय स्पर्धांमध्ये मुलाला प्रथमच उतरवताना आधी त्याचा कल पाहावा आणि मगच स्पर्धा निवडावी. सहावी किंवा नववीत शिकणाऱ्या विज्ञानप्रेमी मुलासाठी बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा ही उत्तम सुरुवात ठरते, कारण ती लेखी परीक्षेने सुरू होते आणि प्रात्यक्षिक, प्रकल्प व मुलाखत या कसोट्या पुढे टप्प्याटप्प्याने येतात. एकट्याने पुढे येण्यास संकोचणाऱ्या मुलांना 1993 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेतील गटप्रकल्प अधिक मानवतो. गणित ऑलिम्पियाडची पहिली पायरी असलेली आयओक्यूएम परीक्षा आठवीपासून देता येत असली, तरी तीन तासांत तीस अवघड प्रश्न सोडवायचे असल्याने ती पहिली स्पर्धा म्हणून निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या मुलाला बोलायला आवडते, त्याने वादविवाद स्पर्धेत अवश्य भाग घ्यावा. बहुतेक आंतरशालेय स्पर्धांत शाळेकडून दोघांचा संघ जातो. एक जण विषयाच्या अनुकूल बोलतो, तर दुसरा प्रतिकूल. नियमपत्रिका हाती येताच वेळेची मर्यादा, भाषा, आणि खंडनासाठी स्वतंत्र वेळ आहे की नाही, या तीन गोष्टी आधी वाचाव्यात. प्रवेश अर्जावर मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का बहुधा लागतोच, म्हणून हे काम शेवटच्या दिवसावर ढकलू नये.

आता मुख्य तयारी. आपल्याकडे शिक्षकांनी किंवा पालकांनी भाषण लिहून द्यायचे आणि मुलाने ते घडाघडा म्हणून दाखवायचे, ही पद्धत फार रुळली आहे. वक्तृत्व स्पर्धेत ती एक वेळ निभावते. वादविवादात मात्र समोरच्याचे ऐकून त्याला उत्तर द्यायचे असते आणि पाठ केलेल्या भाषणात त्या उत्तराला जागाच नसते.

म्हणून भाषण लिहिण्याआधी एक कोरा कागद उभा दुमडावा. ‘प्राथमिक शाळेत गृहपाठ बंद व्हावा’ असा विषय आहे आणि आपण अनुकूल बाजूने बोलणार आहोत, असे समजू. डाव्या बाजूला प्रतिपक्ष काय म्हणेल ते लिहावे: गृहपाठाने सराव होतो, शिस्त लागते, मूल शाळेत काय शिकते ते पालकांना कळते. उजवीकडे प्रत्येक मुद्द्यासमोर एकाच वाक्यात उत्तर लिहावे. उदाहरणार्थ, ‘सराव हवा हे माझ्या प्रतिस्पर्ध्यांचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु तो वर्गात शिक्षकांसमोर झाला तर चूक तिथल्या तिथे सुधारते, घरी मात्र तीच चूक दहा वेळा गिरवली जाते.’ समोरच्याचे जेवढे खरे आहे तेवढे आधी मान्य करून मग आपला मुद्दा मांडणारा स्पर्धक परीक्षकांना विचारी वाटतो. डावी बाजू मुलाने स्वतःच भरावी. पालकांनी फार तर सुटलेला एखादा मुद्दा प्रश्न विचारून सुचवावा.

कागद भरल्यावर आपले तीनच मुद्दे निवडावेत आणि प्रत्येकाला एक उदाहरण जोडावे. पाच मिनिटांसाठी साधारण पाचशे शब्द पुरे होतात, पण संपूर्ण भाषण पाठ न करता केवळ सुरुवातीची आणि शेवटची दोन वाक्ये पक्की करावीत आणि मधला भाग टिपणांच्या आधारे बोलण्याचा सराव करावा. स्पर्धेत टिपणे चालतात की नाही, हे नियमपत्रिकेत पाहून घ्यावे. घरी सराव करताना कोणीतरी घड्याळ लावून बसावे आणि वेळ संपण्याच्या एक मिनिट आधी टाळी वाजवावी, म्हणजे प्रत्यक्षात इशाऱ्याची घंटा वाजल्यावर मूल गोंधळून थांबत नाही. सरावाच्या काही फेऱ्यांत बाजू बदलून बोलायला लावावे. ज्याने विरुद्ध बाजू स्वतः मांडली आहे, त्याला तिच्यातील कच्चे दुवे नेमके सापडतात.

स्पर्धेच्या दिवशी आपला क्रमांक येईपर्यंत ओठांतल्या ओठांत भाषण घोळवत बसण्यापेक्षा इतरांचे ऐकावे आणि वक्त्याचा क्रमांक व त्याचा एकेक मुद्दा टिपून ठेवावा. ‘क्रमांक चारच्या स्पर्धकाने मांडलेल्या मुद्द्याबद्दल’ असा उल्लेख करून दिलेले उत्तर सभागृह लक्ष देऊन ऐकते. खंडन मुद्द्याचे करावे, व्यक्तीचे मुळीच नको.

निकालानंतर शक्य असल्यास परीक्षकांना भेटून कोणता मुद्दा कमकुवत वाटला ते नम्रपणे विचारावे. घरी आल्यावर तोच दुमडलेला कागद पुन्हा काढून, ज्या अनपेक्षित मुद्द्यांना त्या दिवशी उत्तर सुचले नाही ते डावीकडे लिहावेत आणि त्यांची उत्तरे मुलाने सवडीने शोधावीत.