नवा अँड्रॉइड फोन घेतल्यावर जुना फोन आठ दिवस हाताशी का ठेवावा

नवा फोन घरात आला की सगळ्यांचे लक्ष खोक्यातून निघणाऱ्या वस्तूकडे असते आणि जुना फोन टेबलाच्या कडेला पडून राहतो. माझे आग्रहाचे सांगणे असे की पहिले आठ दिवस खरे लक्ष त्या जुन्या फोनकडेच द्यावे. बँकेची ॲप, ओळखीच्या माणसांचे नंबर, घरच्यांशी झालेले बोलणे, मुलांचे फोटो हे सारे त्याच्या पोटात असते, आणि ते नव्या फोनमध्ये आपोआप येते हा समज अर्धाच खरा आहे.

हे मी आईच्या अनुभवावरून लिहीत आहे. तिचा नवा फोन एक्स्चेंजमध्ये, म्हणजे जुना देऊन त्याच्या बदल्यात घेतला होता. फोन पोहोचवायला आलेला मुलगा दारातच म्हणाला, “मावशी, लॉक काढून द्या, जुना फोन रिसेट करून मला लगेच न्यायचा आहे.” दहा मिनिटांत तो फोन कोरा झाला. संध्याकाळी नव्या फोनवर व्हॉट्सॲप सुरू केले तेव्हा शेवटचा बॅकअप जानेवारीतला निघाला, कारण तिच्या गुगल खात्यातली जागा तेव्हाच भरली होती आणि त्यानंतर बॅकअप होतच नव्हता. माझे मामा मार्चमध्ये वारले. शेवटचे दोन महिने ते दवाखान्यातून आईला रोज आवाजी निरोप पाठवत असत, “ताई, जेवलीस का?” एवढाच सात-आठ सेकंदांचा निरोप असे. ते सगळे गेले. तो मुलगा त्याचे काम करत होता, त्याचा काही दोष नव्हता. दोष कामांच्या क्रमाचा होता, आणि म्हणून हा क्रम सविस्तर लिहितो आहे.

एक्स्चेंजमध्ये नवा फोन हाती येतो त्याच क्षणी जुना जातो, म्हणजे दोन्ही फोन शेजारी ठेवून काम करण्याची वेळच मिळत नाही. शक्य असेल तर एक्स्चेंज टाळावे आणि जुना फोन आठ-दहा दिवसांनी वेगळा विकावा, मग किंमत थोडी कमी आली तरी चालेल. एक्स्चेंजच करायचे असेल, तर पुढे सांगितलेली तयारी फोन दारात येण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत पुरी झालेली असावी.

तयारीची सुरुवात नंबरांपासून करावी. जुन्या फोनमधले काही नंबर गुगल खात्यात, काही फोनच्या स्वतःच्या साठ्यात आणि काही सिमकार्डावर असतात. नव्या फोनमध्ये खाते घातले की फक्त खात्यातले नंबर आपोआप येतात. दूधवाला, गॅस एजन्सी, गावाकडचे चुलते हे बहुधा फोनच्या साठ्यात असतात आणि मागेच राहतात. संपर्कांच्या ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन फोनमधले व सिममधले सगळे नंबर गुगल खात्यात हलवावेत आणि सोबत ‘एक्स्पोर्ट’ करून त्यांची एक फाइलही करून ठेवावी.

नंतर खात्यातली जागा पाहावी. गुगल फुकट देते ती १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात मिळून असते. १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात आणि २०२४ पासून व्हॉट्सॲपचा बॅकअपही. ही जागा भरली की बॅकअप थांबतो, आणि त्याची जी सूचना येते ती पुष्कळ लोक न वाचताच सरकवून देतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘चॅट्स’ आणि त्याखाली ‘चॅट बॅकअप’ उघडल्यावर शेवटच्या बॅकअपची तारीख आणि वेळ दिसते. ती तारीख आजची आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. बॅकअपला पासवर्ड लावला असेल तर तो आठवतो आहे ना, याचीही खात्री करावी, कारण तो विसरल्यास कंपनीलाही बॅकअप उघडून देता येत नाही.

आता खोके उघडू या. फोन सुरू झाल्यावर डायल करायच्या जागी स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनची स्वतःची ओळख, पडद्यावर येतो. दोन सिमच्या फोनमध्ये असे दोन क्रमांक असतात. ते खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकांशी आकडा न् आकडा जुळवावेत. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, मग एक जागा सोडून हा क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की सरकारी नोंदीत तो कोणत्या कंपनीच्या कोणत्या फोनचा आहे हे उलट निरोपाने कळते. पुढे फोन हरवल्यास सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तो बंद करून घेताना बिल आणि हाच क्रमांक लागतो, म्हणून बिलाचा फोटो काढून खात्यात ठेवावा. हल्ली अनेक फोनांसोबत चार्जर येत नाही. तो वेगळा घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, हे पाहावे.

सिमकार्डाच्या बाबतीत फार लोक अडकतात. जुन्याच सिमकार्डाने काम भागत असेल तर ते फक्त काढून नव्या फोनमध्ये घालावे. सिम फाटले, बदलले किंवा ईसिम (कार्डाऐवजी फोनमध्येच असलेले सिम) करून घेतले, तर दूरसंचार विभागाच्या नियमाप्रमाणे नवे सिम चालू झाल्यापासून २४ तास त्या क्रमांकावर एसएमएस येत नाहीत आणि त्यावरून जातही नाहीत. कोणी फसवून आपल्या नावावर दुसरे सिम काढले तर त्याच्या हाती लगेच ओटीपी लागू नये, यासाठी ही सोय केलेली आहे आणि ती योग्यच आहे. पण त्या २४ तासांत बँकेचा ओटीपी येणार नाही, यूपीआयची नोंदणी होणार नाही, हे आधी ठाऊक नसेल तर माणूस नवा फोनच बिघडला म्हणून दुकानात खेटे घालतो. तेव्हा ईसिम करायचेच असेल तर नवा फोन व्यवस्थित लागल्यावर, आणि कुठे प्रवासाला किंवा दवाखान्यात जायचे नसेल अशा दिवशी करावे.

फोन पहिल्यांदा सुरू करताना ‘जुन्या फोनमधून माहिती घ्यायची का’ असा प्रश्न येतो. तेथे घाई करून पुढे जाऊ नये. दोन्ही फोन केबलने जोडावेत, दोन्ही चार्ज झालेले असावेत आणि घरचे वायफाय चालू असावे. फोटो भरपूर असतील तर या कामाला दोन-तीन तासही लागतात. या पद्धतीने ॲपची यादी, फोटो, मेसेज आणि बरीचशी सेटिंग येतात. मात्र बँकांची ॲप केवळ नावापुरती येतात, त्यांच्यात आपली ओळख नव्याने पटवून द्यावी लागते.

त्याचे कारण यूपीआयच्या रचनेतच आहे. बँक खाते, मोबाइल क्रमांक आणि प्रत्यक्ष हातातला फोन या तिघांची गाठ बांधलेली असते, आणि ती गाठ नव्या फोनमधून त्याच सिमवरून गेलेल्या एका एसएमएसने पुन्हा बांधली जाते. म्हणून नोंदणी करताना बँकेशी जोडलेले सिम नव्या फोनमध्ये असावे, दोन सिम असतील तर नेमके तेच निवडावे आणि त्यावर एसएमएस जाण्याइतके रिचार्ज असावे. पहिल्या प्रयत्नात जमले नाही तर बहुतेक वेळा या तिघांपैकीच एक गोष्ट चुकलेली असते. यूपीआयचा पिन सहसा जुनाच चालतो. फोन बदलल्यावर पहिले २४ तास मोठी रक्कम पाठवता येत नाही, साधारणपणे ५,००० रुपयांची मर्यादा राहते. त्यामुळे घरभाडे किंवा शाळेची फी भरायच्या दिवशी फोन बदलू नये आणि त्या दोन दिवसांपुरती थोडी रोकड जवळ ठेवावी. ऑफिसच्या कामासाठी आकडी कोड देणारे ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल, तर त्यातली खाती जुना फोन हातात असतानाच नव्यात आणावीत. हे राहिले तर नंतरचा मनस्ताप मोठा असतो.

व्हॉट्सॲपसाठी नवा फोन जुन्याच गुगल खात्यात आणि जुन्याच क्रमांकावर लावावा. क्रमांक पडताळल्यावर बॅकअप परत आणायचा का, असा प्रश्न येतो. तेथे ‘वगळा’ दाबले गेले तर ॲप काढून पुन्हा घालावे लागते. ज्यांच्या खात्यात जागाच नाही, त्यांनी व्हॉट्सॲपमधलीच चॅट हस्तांतराची सोय वापरावी. दोन्ही फोन जवळ ठेवून क्यूआर कोड स्कॅन केला की मजकूर एका फोनमधून थेट दुसऱ्यात जातो. काम झाल्यावर सर्वांत जुने संभाषण उघडून पाहावे आणि त्यातला एखादा आवाजी निरोप वाजवून ऐकावा. यादी दिसते म्हणजे आतले सगळे आले असे नसते.

मराठीत लिहिणाऱ्यांनी कळफलकाची परीक्षा पहिल्याच दिवशी घ्यावी. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द लिहून पाहावेत. दोन्ही वेगवेगळे उमटले, ‘ळ’ आणि ‘ॲ’ सहज सापडले, तर कळफलक मराठीचा आहे. पुष्कळदा फोनमध्ये हिंदीचा कळफलक आधीच लावलेला असतो आणि लोक तोच चालवून घेतात. कळफलकाच्या सेटिंगमध्ये ‘मराठी’ निवडायला दोन मिनिटे लागतात, आणि त्यानंतर बोलून लिहिण्याची सोयही मराठीत मिळते, जी वयस्कर माणसांच्या फार उपयोगी पडते.

पहिल्या तीन-चार दिवसांत बॅटरी लवकर उतरते आणि फोन थोडा तापतो, त्याने घाबरून जाऊ नये. फोटो खात्यात चढत असतात, ॲप अद्ययावत होत असतात, आणि कोणते ॲप आपण किती वापरतो हे फोन शिकत असतो. आठवड्यानंतरही तसेच राहिले तर मात्र सेटिंगमध्ये बॅटरी कोण खाते आहे ते पाहावे. याच्या उलट एक त्रास असा की बॅटरी वाचवण्यासाठी फोन काही ॲपना झोपवून ठेवतो आणि औषधाच्या वेळेची आठवण किंवा बँकेची सूचना उशिरा येते. अशा ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीचा वापर ‘अनिर्बंध’ करावा. आईच्या रक्तदाबाच्या गोळीची घंटा दोन दिवस वाजली नव्हती, ती या एका बदलाने वाजू लागली.

ॲप फक्त प्ले स्टोअरमधून घ्यावीत. लग्नपत्रिका, वाहनाचे चलान किंवा बँकेची केवायसी अशा नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, कधीही उघडू नये, मग ती ओळखीच्या माणसाकडून आलेली का असेना. तिच्यातून आपले ओटीपी दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतात. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर कळवावे.

आठ दिवसांत जुन्या फोनकडे पुन्हा हात जावा लागला नाही की तो मोकळा करावा. आधी सिम आणि मेमरी कार्ड काढावे. मग सेटिंगमधून गुगल खाते काढून टाकावे, कारण २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ५.१ पासून अशी सोय आहे की खाते तसेच ठेवून बटणांच्या साह्याने फोन पुसला, तर पुढच्या माणसाला आधीच्या मालकाचा पासवर्ड विचारला जातो. त्यानंतर सेटिंगमधूनच ‘फॅक्टरी रिसेट’ करावे, फोन एकदा सुरू होऊ द्यावा, आणि तो भाषा निवडायला सांगतो व पुढे आपल्या खात्याचे नाव कुठेही घेत नाही, एवढे पाहून मगच तो दुसऱ्याच्या हातात द्यावा.