ग्राफिक्स कार्ड किती वर्षं पुरेल? ठरवताना या चुका टाळा

आजच्या गेममधले एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) बघून कार्ड आज कसं पळतं ते कळतं. तीन-चार वर्षांनी ते पुरेल का, हे त्यावरून ठरत नाही.

दोष कार्डाचाच, असं धरून चालणं

नेहमीचा गेम लावा, व्हीसिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि एफपीएस लिमिट बंद करा, मग रिझोल्यूशन बरंच खाली आणा. एफपीएस जवळपास तेवढेच राहिले, तर बहुधा प्रोसेसर मागे पडतोय. नव्या कार्डाने सेटिंग वाढवता येतील, वेग मात्र फारसा वाढणार नाही.

व्हीरॅमकडे काणाडोळा

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. व्हीरॅम म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी. एनव्हिडियाचं २०२० चं आरटीएक्स ३०७० हे कार्ड २०२१ च्या ३०६० पेक्षा बरंच वेगवान. पण त्यात व्हीरॅम ८ जीबी, आणि ३०६० च्या मूळ आवृत्तीत १२. टेक्श्चर (भिंती, वस्तू यांच्या पृष्ठभागाची चित्रं) सर्वात वरच्या 'अल्ट्रा' सेटिंगवर ठेवले की काही नव्या गेममध्ये ३०७० अडखळतं आणि हळू असलेलं ३०६० निवांत चालतं. व्हीरॅम भरली की उरलेला डेटा सिस्टिमच्या रॅममधून पीसीआय एक्सप्रेसवरून (कार्डाला मदरबोर्डाशी जोडणारा मार्ग) आणावा लागतो, आणि तो मार्ग व्हीरॅमच्या मानाने फारच मंद. सरासरी एफपीएस तरीही बरे दिसू शकतात, म्हणून रिव्ह्यूमध्ये 'एक टक्का लो'चा (सर्वात हळू एक टक्का फ्रेमच्या वेगाचा) आकडा बघा. काही गेम तर झटके न देता गुपचूप टेक्श्चरचा दर्जा उतरवतात. भिंती धूसर दिसतात आणि आलेखात काहीच कळत नाही.

आता झटके बसत असतील तर फक्त टेक्श्चर एक पायरी खाली घ्या. थांबले, तर कारण सापडलं. ओव्हरलेतल्या (खेळताना स्क्रीनवर आकडे दाखवणाऱ्या पट्टीतल्या) व्हीरॅमच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. गेमने राखून ठेवलेली मेमरी आणि खरोखर लागणारी मेमरी यांत फरक असतो.

जुना मदरबोर्ड असेल तर आणखी एक मेख आहे. आरटीएक्स ४०६० टीआय पीसीआय एक्सप्रेसच्या आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं. जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३.० वर त्या लेनचा वेग निम्मा होतो, आणि ८ जीबीच्या आवृत्तीत मेमरी भरली की ते जास्तच जाणवतं.

नुसत्या वेगावर भुलून जुनं कार्ड घेणं

२०२४ च्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल'ला हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब करणारी कार्डातली खास सोय) लागतंच. जीटीएक्स १०८० टीआय किंवा आरएक्स ५७०० एक्सटी कितीही दमदार असली, तरी त्या अटीत बसत नाहीत. जीटीएक्स १० मालिकेचे नियमित गेम रेडी ड्रायव्हरही (नव्या गेमसाठी कार्ड तयार करणारे सॉफ्टवेअर अपडेट) २०२५ मध्ये थांबले. सेकंडहँड घेताना हे आधी तपासा.

फ्रेम जनरेशनचे आकडे खरे मानणं

फ्रेम जनरेशन म्हणजे खऱ्या फ्रेमच्या मध्ये तयार केलेल्या जादा फ्रेम घालणं. मूळ ३० एफपीएसचे ६० दिसले, तरी माउसला प्रतिसाद ३० चाच, किंबहुना थोडा मंद. शिवाय ही सोय स्वतःच व्हीरॅम खाते. जाहिरातीतला आलेख बघताना तळटीप वाचायची सवय लावा.

मॉनिटर विसरणं

पुढे १०८०पीपेक्षा जास्त रिझोल्यूशनचा १४४०पी मॉनिटर घ्यायचा विचार असेल तर हिशोब आजच त्यावर करा. १०८०पीवर ई-स्पोर्ट्सचेच गेम खेळत असाल, तर ८ जीबीचं कार्ड आरामात घ्या.