ग्रीक देवांसाठी घरातली वस्तू निवडताय? या चुका टाळा

ग्रीक देवांची उपासना नव्याने सुरू करणारी मराठी मंडळी मला निरोप पाठवतात, आणि त्यात एक प्रश्न हमखास असतो: मूर्ती परवडत नाही, मिळत नाही किंवा घरी चालणार नाही, मग देवाच्या जागी काय ठेवू?

मूर्तीवाचून अडत नाही, आणि ही आजची पळवाटही नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसानिअस हा प्रवासवर्णनकार ग्रीसभर हिंडला, तेव्हा अखाया प्रांतातल्या फाराय गावात त्याला सुमारे ३० चौकोनी दगड दिसले. प्रत्येक दगडाला एकेका देवाचं नाव होतं. थेस्पियाय गावात प्रेमाचा देव इरॉस याची सर्वांत जुनी ‘मूर्ती’ म्हणजे न घडवलेला दगडच होता. शेंदूर लावलेले तांदळे पाहत मोठ्या झालेल्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. तरीही वस्तू निवडताना चुका होतात, आणि त्याच त्या होतात.

गेलेल्या माणसाची वस्तू देवाच्या जागी ठेवणं

ही चूक मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते, कारण ती प्रेमापोटी होते.

जर्मनीत शिकणाऱ्या एका मुलीने आजीचा पितळी डबा डिमिटर म्हणून मांडला. डिमिटर धान्याची देवी, डबा धान्याचा, एवढाच हिशोब. झाकणाला एका बाजूने पोचा आलेला, आणि कितीही घासला तरी आत मेथ्यांचा वास. काही आठवड्यांनी तिचा निरोप आला: देवी रागावली आहे का, डब्यासमोर बसलं की नुसतं रडू येतं. मी विचारलं, तिथे बसून बोलतेस काय? परीक्षा, आईशी झालेलं भांडण, आणि मग ‘तू असतीस तर’. हे डिमिटरशी बोलणं नव्हतं. ती आजीशी बोलत होती, आणि डिमिटरचं नाव मध्ये उगाच अडकलं होतं.

त्यात भर म्हणजे काकूने डबा मागितला. घरच्या वाटणीत तो काकूकडे जायचा होता, हे या मुलीला ठाऊक होतं. ‘आता तो देवीचा आहे’ असं तिने फोनवर सांगितलं आणि घरात व्हायचं ते झालं. जे आपलं नाही, ते आपण देवाला देऊ शकत नाही. देवी मधल्यामधे वादाचं कारण होते, बाकी काही साधत नाही.

तिला मी दोन जागा करायला सांगितल्या. ग्रीकांकडेही पितर आणि ऑलिम्पस पर्वतावर राहणारे मुख्य देव यांना एकाच तऱ्हेने वाहत नसत. थडग्यावर मृतांसाठी ओतायचं ते ‘खोए’, देवांना वाहायचं ते ‘स्पोंदे’. तिने आजीचा फोटो आणि पाण्याचं भांडं खिडकीत ठेवलं. डिमिटरसाठी फुलांच्या दुकानातून गव्हाच्या वाळलेल्या ओंब्या आणून दोऱ्याने बांधल्या. डबा सुट्टीत काकूकडे पोचला. आता ती आजीसाठी रडते आणि डिमिटरला वाहते, दोन्ही मोकळेपणाने.

तक्ता बघून खरेदी

बुद्धीची देवी अथेना म्हणजे घुबड, प्रेमाची देवी आफ्रोडायटी म्हणजे गुलाबी स्फटिक, देवांचा दूत हर्मिस म्हणजे पंख. हे तक्ते फिरतात आणि लोक एका रात्रीत बारा देवांची ऑर्डर देऊन मोकळे होतात. घुबड अथेनाचंच, अथेन्सच्या नाण्यांवरही ते आहे. पण ज्या घरात सासूबाईंना घुबड अपशकुनी वाटतं, तिथे ते आणून रोजची कुरबूर कशाला ओढवून घ्यायची? अथेना कारागिरांचीही देवी आहे, ‘अर्गाने’ या नावाने. तुम्ही शिवणकाम करत असाल तर कात्री आहे, घरात विणकराचा धोटा असेल तर त्याहून उत्तम. लोहारकाम, वेल्डिंग करणाऱ्याला लोहारांचा देव हेफेस्टस याच्यासाठी जुनी सांडशी पुरते. ज्या देवाशी तुमच्या रोजच्या कामाचा संबंध आहे, त्याच्यापासून सुरुवात करा. एक देव, एक वस्तू. बाकीचे अकरा थांबतील.

वाहिलेली वस्तू परत वापरणं

आफ्रोडायटीला आरसा वाहायचा आणि घाईच्या वेळी त्यातच बघून टिकली लावायची, हे चालत नाही. देवळात वाहिलेली वस्तू ग्रीक लोक देवाची मालमत्ता मानत. ती आवाराबाहेर नेत नसत. माझी सवय सांगते: निवडलेली वस्तू मी आधी महिनाभर कपाटात ठेवते. त्या काळात हात तिच्याकडे गेला, तर ती अजून माझीच आहे. मग दुसरी शोधते.

ग्रीसमधून दगड, खापरी उचलून आणणं

इलेफ्सिना या डिमिटरच्या प्राचीन तीर्थक्षेत्राच्या अवशेषांतला एखादा तुकडा ‘देवीनेच दिला’ म्हणून खिशात टाकणारे भेटतात. देवीने दिलेला नाही. ग्रीसमध्ये प्राचीन वस्तूंचं संरक्षण २०२१ च्या ४८५८ क्रमांकाच्या कायद्याने होतं. अशी वस्तू परवानगीशिवाय उचलणं आणि देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. आणि देवळाच्या आवारातली वस्तू चोरणं हे खुद्द प्राचीन ग्रीकांच्या लेखी घोर पाप होतं. आपल्या गावच्या नदीतला गोटा घ्या. डेल्फी या अपोलोच्या तीर्थक्षेत्री एक लहानसा दगड होता. देवांचा राजा झ्यूस तान्हा असताना त्याच्या बापाने, क्रोनसने, झ्यूस समजून गिळलेला तोच, असं लोक मानत. त्यावर रोज तेल ओतत आणि सणाला कच्ची लोकर ठेवत. तुमच्या गोट्याला ऑलिव्ह तेलाचा एक थेंब लावा.

पंधरा दिवसांत ‘काहीच वाटत नाही’

लगेच वस्तू बदलतात. मग पुन्हा बदलतात. अशा लोकांना मी ग्रीसमधल्या खायरोनिया गावाची गोष्ट सांगते. तिथे ट्रॉयच्या युद्धातला राजा अगामेम्नॉन याचा राजदंड पूजत. त्याला सार्वजनिक देऊळ नव्हतं; त्या वर्षीचा पुजारी तो स्वतःच्या घरात ठेवी. शेजारी मांस आणि पोळ्यांनी भरलेलं मेज, आणि रोजची आहुती. रोजची, आणि वर्षभर. ज्याला पंधरवड्यात अनुभव हवा आहे, त्याने वस्तूला दोष देऊ नये. एका अमावास्येपासून पुढचे तीन महिने तीच वस्तू, तीच जागा, हात धुऊन. न धुतलेल्या हातांनी झ्यूसला मद्य वाहू नये, हे प्राचीन ग्रीक कवी हेसिअडने स्पष्ट सांगून ठेवलं आहे.

आणखी काही

संस्कृत मंत्रांनी प्राणप्रतिष्ठा करू नका. दोन्ही परंपरांचा मान राखायचा तर त्यांची खिचडी नको. ग्रीक लोक स्थापनेला शिजवलेल्या कडधान्याची मडकी वाहत, अरिस्टोफेनिसच्या नाटकांत त्याचा उल्लेख आहे. मूगमटकी शिजवा, झालं.

अपोलोला तमालपत्र वाहताना पान उलटून बघा. तीन लांब शिरा असतील तर ते आपल्या मसाल्याचं तमालपत्र, अपोलोच्या झाडाचं, म्हणजे लॉरेलचं, पान नव्हे. लॉरेलला मध्ये एकच मुख्य शीर असते.

लाकडी वस्तूवर दुधाचा अभिषेक नको, बुरशी धरते. वाहायचं ते वाडग्यात ओता.

मूर्ती लहान मिळाली म्हणून खट्टू होऊ नका. कोल्हापुरात ब्रह्मपुरीला सापडलेली काशाची पोसायडनची, म्हणजे ग्रीक समुद्रदेवाची, मूर्तीही लहानशीच आहे, टाऊन हॉल संग्रहालयात जाऊन बघा.

काहीच सुचत नसेल तर झ्यूस क्टेसिओसची बरणी करा. घराच्या साठवणीचा रक्षक झ्यूस. झाकणाची बरणी, कानांना पांढरी लोकर, आत स्वच्छ पाणी, ऑलिव्ह तेल आणि तऱ्हेतऱ्हेची धान्यं-फळं. इथेही एक चूक ठरलेली: बरणी भरून विसरून जाणं. मुंबईच्या दमट हवेत आठवड्यात वास मारते. मी फळांऐवजी सुकं धान्य घालते, अमावास्येला रिकामी करून घासते आणि चंद्रदर्शनाला पुन्हा भरते.

वस्तू तुटली तर कचऱ्यात टाकू नका, पण नदीतही सोडू नका. डेल्फीच्या पवित्र मार्गाखाली १९३९ मध्ये हस्तिदंत आणि सोन्याच्या जळक्या मूर्तींचे अवशेष खड्ड्यांत सापडले. खराब झालेलं देवाचं धन देवाच्याच आवारात पुरलं होतं. दगड, माती, लाकूड असेल तर झाडाखाली किंवा मोठ्या कुंडीत पुरा. रेझिनची असेल तर पुरू नका, ती कुजत नाही. कापडात गुंडाळून देवाच्या फळीखालच्या खणात ठेवा आणि नवी वस्तू तिच्या वरच्याच जागी मांडा.